डावरा शिकारी

१० जानेवारी १९३७, अमरावती
अकोल्याच्या जानरावांनी मुलासाठी आमच्या वच्छलाला पसंत केलं. मुलगा पटवारी. पोर आरशासमोरून हलत नाही. जानरावांची अट एकच : सोयरा भांडखोर नको. संकल्प : साक्षगंध होऊन सोयरीक पक्की होईपर्यंत कोणावर हात उचलायचा नाही. मी मुळात शांतच आहे. लोकांना ठाऊक नाही एवढंच.

१४ जानेवारी
वांगी विकून तंबूतल्या टॉकीला. नेहमीप्रमाणे पडद्यामागे बसलो. तिकीट अर्धं म्हणून नव्हे. रसिकाची जागा तीच. पाट्यांची अक्षरं उलटी दिसतात, पण मी वाचायला जात नाही.
आधी जंगलाचं चित्र. सिंहाने रेड्याची मान धरली आणि मोडली. मग शिकाऱ्याने डाव्या हाताने भाला फेकला. सिंह आडवा! पुढे गाण्याची टॉकी. नटी सतारसुद्धा डाव्या हाताने छेडते. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात शेजारचा इसम कडाकडा फुटाणे खाऊ लागला. हात उचलला नाही. छत्री उचलली. त्याचे दोन दात.

२० जानेवारी
आणखी तीन चित्रं पाहिली. सिद्धांत पक्का : थोर माणसं सगळी डावरी. आजपासून मीही. डाव्या हाताने विळा चालवला. अंगठा हाडापर्यंत. वच्छलाची आई म्हणाली, कावून सोताले कापून राहिले? बाईमाणसाला कला कळत नाही.

२५ जानेवारी
मळ्यात रानडुक्कर. डाव्या हाताने भाला फेकला. डुकराने पोटरी फाडली. नेम उत्तम होता. डुक्कर लहान पडलं. सिंह असता तर मेलाच असता.

३१ जानेवारी, अकोला
मायलेकींना घेऊन जानरावांकडे सुपारी द्यायला गेलो. बैठक भरलेली. मी ऐटीत डाव्या हाताने सुपारी पुढे केली. जानराव म्हणाले, पाहुणे, मयताले देऊन राहिले का? मी शांतपणे डावरा शिकारी समजावून सांगितला. ते हसले. म्हणाले, तंबू आता आमच्या गावात हाय, थे चित्र म्या दोनदा पाह्यलं, त्याचा हात उजवाच. मला खोटं सहन होत नाही. तरी हात उचलला नाही. पाट उचलला. वच्छलाची आई मधे आली, तिचं कपाळ फुटलं. जानरावांच्या भावाने माझी बरगडी मोडली. बरोबरी झाली.
जानराव मोठे दिलदार. पोरीकडे पाहून म्हणाले, उद्या माह्या पैशाने पाहा, अन् मंग तोंड बंद ठेवा.

१ फेब्रुवारी, अकोला
पुढे, खुर्चीवर. जन्मात पहिल्यांदा. शिकाऱ्याने उजव्या हाताने भाला फेकला. जानराव माझ्याकडे पाहत होते. उघड होतं, मशीनवाल्याने फिल्म उलटी चढवली. जाऊन त्याचं नरडं धरलं. त्याने रिळाचा डबा माझ्या डोक्यात घातला. जानराव सोडवायला आले. माझ्या कोपराने त्यांचं नाक फुटलं. कोपर म्हणजे हात नव्हे. मशीनवाला रक्त थुंकत म्हणाला, तुमी पडद्याच्या मांगून पाह्यलं असन दादा, मांगून सारं उलटं दिसते.
विचार करण्यासारखं आहे. पण तोवर दुसरा ठोसा निघून गेला होता.

७ फेब्रुवारी, अमरावती
डोक्याला सहा टाके. सोयरीक मोडली, असं गाव म्हणतं. गावाला जानराव ठाऊक नाहीत. त्यांचं नाक बरं झालं की जाऊन माफी मागेन. दोन्ही हातांनी. ते मला मिठीच मारतील.

१२ फेब्रुवारी
मायलेकी परतवाड्याला गेल्या, माझे साळे शेषराव आजारी म्हणून. घर शांत. माफीचं भाषण पाठ करतो आहे.

१८ फेब्रुवारी
मायलेकी परतल्या. वच्छलाच्या अंगावर नवं लुगडं. शेषराव ठणठणीत आहेत. त्यांच्या अंगणात परवा साक्षगंध झालं. जानराव आले होते, नाकाला पट्टी बांधून.
लग्न वैशाखात. अट अशी की, मुलीचा बाप मांडवात नको.
मी ओरडलो, त्या जानरावाची ही हिंमत! भिंतीवरची काठी घेतली. वच्छला हलली नाही. म्हणाली, त्याईची नाही बाबा. थे अट माही होती.