वाऱ्याने विझणारा बॉयलर

व्हिटबी, मंगळवार

प्रिय मॉरीन,

काळजी करू नकोस, आपली लिंडसे दोन घास खाते. जावयाला पुरल्यापासून रडली मात्र नाही. समुद्रावरून वारा आला की घर उबदार ठेवणारा गॅसचा बॉयलर विझतो; मग ती उठते, बटण दाबते, परत खुर्चीत बसते.

मी अतिशहाण्याने धुराड्याच्या तोंडापुढे आडोशाला फळी ठोकली. बॉयलर दुरुस्तीला आलेला गॅसवाला खवळला, "आजोबा, विषारी धूर घरात कोंडून लेकीला मारताय का?" लिंडसे म्हणाली, "ओरडू नका, चहा घ्या."

त्याने फळी काढून धुराड्याचं तुटकं तोंड बदललं. आज वादळ आहे, तरी बॉयलर चालू आहे. ती म्हणाली, "बाबा, आता उठायचं तरी कशाला?"

इथे माझी अक्कल चालत नाही. गुडघे साथ देत असतील तर शनिवारी ये.

तुझाच,
नॉर्मन