कायरॉनला टेबल मिळणेबाबत

प्रति,
मा. संयोजक,
पूर्व विभाग विद्यार्थी खगोल प्रदर्शन,
खैरमाळ फाटा, जि. अहिल्यानगर.

विषय : लघुग्रह व धूमकेतू या दोन्ही टेबलांवरून परत पाठवलेली प्रतिकृती दाखल करून घेणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र. त्यावर जावक क्रमांक नाही, शिक्के मात्र दोन आहेत.

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार पाथर्डी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. डोके शांत ठेवून आपणांस पुढीलप्रमाणे कळवीत आहे.

१) अर्जदाराच्या आठवीच्या वर्गातील कु. निकिता हिने कायरॉनची प्रतिकृती तयार केली. शनी आणि युरेनस यांच्या दरम्यान फिरणारा हा गडी कधी मुकाट दगडासारखा असतो, तर कधी अंगातून वायू आणि धूळ सोडू लागतो. खगोलशास्त्रज्ञांनी त्याला आधी लघुग्रहांत घेतले. पुढे हे उद्योग दिसले तेव्हा धूमकेतूंतही घेतले, आणि पहिली नोंद खोडली नाही. यावरून कोठे मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. निकिताने पोकळ मातीचा गोळा करून आत विजेवर चालणारी धूपदाणी बसवली. बटण दाबले की कायरॉन धुरावतो, बंद केले की गप्प. अर्जदाराला स्वतःला हे सुचले नसते, हे येथे मोकळेपणाने नमूद करतो.

२) प्रदर्शनाच्या दिवशी प्रतिकृती लघुग्रहांच्या टेबलावर मांडली. टेबलप्रमुख श्री. भिमाजी यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "आरं, याच्यातून तर धूर निघतुया. शेपटीवाल्यांचं टेबल पल्याड हाय." पल्याडच्या टेबलावर पोहोचेपर्यंत वीज गेली. तेथील प्रमुख श्री. श्रीमंत यांनी गोळ्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्यो तर नुसता धोंडा हाय. धोंडे तिकडं." वीज आली की लघुग्रहवाले हाकलत, गेली की धूमकेतूवाले. आपल्या भागात वीज कशी येते-जाते हे आपण जाणताच. पोरीने त्या दिवशी दोन टेबलांमध्ये इतक्या खेपा घातल्या की चहावाल्याने तिला स्वयंसेवक समजून कपबशा उचलायला सांगितल्या. (वीज असतानाचा व नसतानाचा असे दोन फोटो सोबत जोडले आहेत.)

३) तक्रार केल्यावर आपले पत्र आले. त्यात "सदर खगोलाने आपला प्रकार एकदाचा निश्चित करून सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला सादर करावा" असे फर्मावले आहे. अर्जदार आज्ञाधारक असल्याने ग्रामसेवकांकडे गेला. ते म्हणाले, खगोल गावाच्या हद्दीत राहत नाही. तलाठ्यांनी त्याचा उन्हाळ्यातला मुक्काम विचारला. अशा खगोलांना 'सेंटॉर', म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, म्हणतात असे अर्जदाराने आपल्या कार्यालयात सांगितले मात्र, आपल्या लिपिकाने अर्ज पशुसंवर्धन विभागाकडे वळवला. तेथील डॉक्टर सज्जन निघाले. त्यांनी लसीकरण झाले आहे का एवढेच विचारले.

४) महोदय, येथवर अर्जदारही हसला. आता हसू येत नाही. नियमाप्रमाणे प्रदर्शनात सहभागी झालेल्या मुलांना आपल्या प्रदर्शन समितीच्या वसतिगृहात उन्हाळ्यापर्यंत जागा मिळते. निकिताची आई कडूबाई ऊसतोडीला जाते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तोडीचा हिशेब. कडूबाईचा नवरा वारला, तेव्हा मुकादमाने तिला अर्धा कोयता धरले आणि गाडीत जागा दिली. त्याने तिच्याकडे कसलाही दाखला मागितला नाही. शिकलेल्या समितीला जे जमेना ते मुकादमाला उभ्या उभ्या जमले, याची अर्जदाराला लाज वाटते. काल कडूबाई शाळेत येऊन म्हणाली, "वसतिगृहात घेत्याल तर ठिवते पोरीला. न्हाईतर फडात न्यावी लागंल, सर. घरात एकटी कुनाच्या जिवावर ठिवू?"

५) शेवटी अर्जदाराने पड खाल्ली. निकिताला म्हटले, धूपदाणी काढून टाकू, नुसता लघुग्रह म्हणून देऊ. ती म्हणाली, "सर, मंग त्यो कायरॉन न्हाई राहनार." अर्जदार तिचा शिक्षक आहे, आणि तिचे म्हणणे बरोबर आहे. तेव्हा फेरतपासणीसाठी तिसरे टेबल मांडावे. जागा नसल्यास दाराबाहेरच्या पायरीवर चालेल, प्रतिकृती अर्जदार स्वतः हातात धरून उभा राहील. गुण कमी द्या, पण बघून द्या.

६) कारण आज फलकावर निकाल लागला. निकिताच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले आहे. जी पोर दिवसभर आपल्या डोळ्यांसमोर इकडून तिकडे ये-जा करत होती, ती गैरहजर. मुकादमाची गाडी गुरुवारी सकाळी सुटते. हा शेरा त्याआधी खोडावा, ही हात जोडून विनंती. गुरुवारनंतर तो खरा ठरेल.

आपल्या दोन टेबलांच्या मधोमध उभा,
नम्र अर्जदार
(सही)
गोरक्षनाथ रंगनाथ शिरसाट

मंगळवार, दि. ४ नोव्हेंबर २०२५