रिपोर्ट-बिपोर्ट

मंगळवार, ४ मार्च २०२५

घोटाळा! तोही भर मीटिंगमध्ये!

अकरा वर्षं या डचांच्या देशात इंग्रजी जपून बोलतेय. वाक्य आधी मनात म्हणायचं, मग तोंडाने. पहिल्या वर्षी एकदा मीटिंग 'प्रीपोन' करू या म्हटलं होतं, तो शब्द फक्त भारतात चालतो हे कुठे माहीत होतं – सगळे असे बघत राहिले की तेव्हापासून कानाला खडा. आणि आज खिडकीबाहेर बघत बसले. ऱ्हाइनवर धुकं. पलीकडच्या कुरणात मेंढ्यांचे नुसते पाय दिसत होते, वरची मेंढी गायब. त्या पायांच्या मागे मागे मी कुठेतरी निघून गेले होते, आणि तेवढ्यात वाउटरचा प्रश्न आला – गुरुवारपर्यंत काय काय मिळेल?

मी म्हटलं, "आय विल सेंड द रिपोर्ट-बिपोर्ट बाय थर्सडे."

रिपोर्ट-बिपोर्ट! चहाबिहा म्हणावं तसं!

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वाउटर आमचा टीम लीडर, सगळं बोर्डावर लिहिणारा माणूस. त्याने लिहिलं – रिपोर्ट, अधिक चिन्ह, बिपोर्ट, पुढे माझं नाव, ऋजू. मग वळून विचारलं, "बिपोर्ट म्हणजे नक्की काय?"

'सॉरी, जीभ घसरली' एवढंच म्हणायचं होतं. पण लाज वाटली आणि थाप मारली. म्हटलं, रिपोर्टच्या सोबत जे जे असतं ते. तक्ते, नकाशे, केबलच्या मोजमापांच्या फाइली.

"आ! बाय-पोर्ट!" शेजारची मरायके एकदम खूश. डचमध्ये 'बाय' म्हणजे सोबत. मेलला जोडलेल्या फाइलला ते 'बायलाख' म्हणतात. तिला वाटलं तिथूनच आलाय. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता गुरुवारपर्यंत बिपोर्ट तयार करायला हवा.

गुरुवार, ६ मार्च

वाउटरची मेल – "रिपोर्ट अँड बिपोर्ट रिसीव्ह्ड, थँक्स!"

मेले!

रविवार, ९ मार्च

केतनला सांगितलं. नवरा म्हणून धीर द्यायचा सोडून दोन पोळ्या भाजून होईपर्यंत हसत होता. "पेटंट घे! खाली बारीक अक्षरात माझंही नाव घाल."

मीही हसले. पण हे सगळ्यात आधी ज्या माणसाला सांगायला हवं होतं, ते माणूस दुसरंच.

मीरा. माझी धाकटी बहीण. लहानपणी तिला वाटायचं, चहा आणि बिहा या दोन वेगळ्या वस्तू. पाहुणे आले की आई विचारायची, चहाबिहा घेणार ना? की ही पडद्याआडून – "मला बिहा पाहिजे!" चहा नको, बिहाच. रडून नुसता गोंधळ. शेवटी बाबांनी बशीत चमचाभर साखर घालून दिली – "हा घे बिहा." पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात साखरेला बिहाच म्हणत. पाहुण्यांना काही कळायचं नाही.

मीरा इथेच आहे, एनस्खेडेला. विद्यापीठात संशोधन करते. इथून आगगाडीने जेमतेम दीड तास. अडीच वर्षं आम्ही बोललेलो नाही.

का, ते केतनलाही माहीत नाही. इथे लिहून टाकते, एकदाच.

२०२२ चा ऑक्टोबर. बाबा साताऱ्याच्या हॉस्पिटलमध्ये, मी पाच दिवस त्यांच्या उशाशी. मीराच्या पीएचडीची तोंडी परीक्षा त्याच आठवड्यात. ती देऊनच ये, असं बाबांनीच तिला सांगितलं होतं. ती देऊन निघाली. पोचली तेव्हा सगळं उरकून एक दिवस झाला होता. दारातच, बॅग खाली न ठेवता, तिने विचारलं, "ताई, बाबांनी माझं नाव काढलं का गं?"

मी म्हटलं, "नाही. एकदाही नाही."

खोटं. धडधडीत खोटं! तासातासाला विचारत होते – मीरा आली का? मीराची परीक्षा झाली का? पाच दिवस माझ्या डोळ्याला डोळा नव्हता, आणि माझं नाव काही त्यांच्या तोंडी आलं नाही. येणार कसं, मी समोरच होते ना! हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं, तेव्हा नुसती आग होत होती.

ती तिसऱ्या दिवशी परत गेली. त्यानंतर ना फोन, ना मेसेज. माझाही नाही.

मंगळवार, १८ मार्च

शेअर्ड ड्राइव्हवर नवीन फोल्डर – 'बिपोर्ट'. मी केलेला नाही.

दुपारी मरायकेने विचारलं, "हेब ये हेट आल खबिपोर्ट?" म्हणजे, झालं का बिपोर्ट करून? डचांनी आपला 'ख' पुढे चिकटवून त्याचं क्रियापदसुद्धा करून टाकलं! पंधरा दिवसांचं पोर, लगेच नोकरीला लागलं.

सायकलवरून घरी येताना तोच विचार. पुलावर वारा होता, पाय आपोआप फिरत होते. शब्द तोंडातून निघतो आणि मग जातो तरी कुठे? आत्ता या घटकेला कुणीतरी कुणाला तरी 'बिपोर्ट' म्हणत असेल आणि मला पत्ताही नसेल. सिग्नल हिरवा झालेला कळलाच नाही. मागच्या बाईने टणटण घंटी वाजवली.

गुरुवार, २७ मार्च

मरायके जेवणाच्या सुट्टीत रडली. तीन महिने भेटत असलेला मुलगा अचानक उत्तरंच देईनासा झाला. "ही घोस्टेड मी."

घोस्ट म्हणजे भूत एवढंच मला येत होतं! ती म्हणाली, तिच्या आईच्या वेळी हा शब्द नव्हता. माणसं तेव्हाही अशीच गायब व्हायची, पण त्याला नाव नव्हतं. आता आहे, आणि डच मुलीही रडताना तोच वापरतात.

दुपारभर काम सुचलं नाही. म्हणजे आम्हा दोघींनी जे केलं त्याला शब्द आहे तर. पण कुणी कुणाला? तिने मला, की मी तिला?

शुक्रवार, २८ मार्च

पाऊस. काही नाही.

रविवार, ६ एप्रिल

पहाटे स्वप्न पडलं. आमच्या ऑफिसचं कँटीन, आणि बाबा रांगेत. हातात ट्रे. शाळेत भूगोल शिकवायला जायचे तोच खादीचा शर्ट. पेल्यात कार्नमेल्क घेतलं, चाखून म्हणाले, "अगं, हे तर ताक! यात मीठ नाही का घालत?" मग खिडकीशी बसले आणि नदीकडे बोट दाखवून वाउटरला सांगायला लागले, ही कुठून येते, कुठे फुटते, किती देशांतून जाते. मराठीत! आणि वाउटर सगळं बोर्डावर लिहून घेत होता.

मी बाजूला उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. उठून घड्याळ बघितलं तर साडेपाच. खिडकीबाहेर कबुतरं घुमत होती. किती तरी वेळ तशीच पडून राहिले, डोळे मिटले की परत कँटीन दिसेल म्हणून. दिसलं नाही.

बुधवार, १६ एप्रिल

हसू की रडू!

अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासहून, म्हणजे तिथल्या बड्या कंपन्यांच्या भागातून, सल्लागार आला होता. विराज नावाचा, चकाचक बूट, मुंबईचा असावा. तिसऱ्याच स्लाइडवर – BIPORT. सगळी कॅपिटल अक्षरं. खाली फुलफॉर्म! बेसलाइन, इन्फर्मेशन, पॅकेज, ऑपरेशन्स आणि पुढे काहीतरी. "अ‍ॅज यू ऑल नो," म्हणाला, "बिपोर्ट इज अ‍ॅन एस्टॅब्लिश्ड टर्म इन द सेक्टर."

सहा आठवडे!

नंतर कॉफीच्या मशीनपाशी मी त्याला मराठीत विचारलं, "हा शब्द कुठे ऐकलात हो?" तो दचकला, मग मोकळा हसला. "एका क्लायंटकडे. का हो? जुनाच आहे ना?" मी म्हटलं, "हो, जुनाच आहे." मराठी माणूस, रोज घरी जेवणबिवण म्हणत असणार – पण त्याच्या कानाला लागलंच नाही! कॅपिटल अक्षरांत लिहिलं की आपलं पोरही ओळखू येत नाही.

तो म्हणाला, आता एनस्खेडेच्या विद्यापीठाबरोबर एकत्र प्रोजेक्ट आहे, त्यांनाही हाच साचा पाठवलाय.

कॉफी कपातच गार झाली.

गुरुवार, २४ एप्रिल

एनस्खेडेच्या टीमची मेल. वीस जणांना. "प्लीज फाइंड अटॅच्ड द रिपोर्ट अँड द बिपोर्ट." खाली नावांच्या यादीत चौथी – मीरा.

पाच मिनिटांनी दुसरी मेल. फक्त मला. मराठीत.

"बिपोर्ट?? ताई, ही तूच. दुसरं कुणी असूच शकत नाही. मीटिंगमध्ये एकटीच एवढ्या मोठ्याने हसले की सगळे बघायला लागले."

ताई. दोन अक्षरं कितीदा वाचली, मोजलं नाही. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. वाउटर म्हणाला, "अलर्जी? पोलन इज हेवी टुडे." म्हटलं, हो, पोलन.

शुक्रवार, २५ एप्रिल

उत्तर लिहिलं. खोडलं. लिहिलं. शेवटी गेलं ते एवढंच – "मीच. भेटायचं का?"

तिचं लगेच – "१० मे, शनिवार. झुटफेन. दोघींना मध्ये पडेल."

शनिवार, २६ एप्रिल

राजाचा वाढदिवस. सगळं गाव नारिंगी. फुटपाथवर चादरी पसरून मुलं जुनी खेळणी विकतायत. केतनला मेलचं सांगितलं. त्याला खरंच आनंद झाला. "बघ, तुझ्या चुकीच्या इंग्रजीने काम केलं! आता भेटा, पोटभर हसा. जुनं काही उकरू नकोस."

त्याला माहीतच नाही जुनं म्हणजे काय.

शनिवार, ३ मे

आठवडाभर मनात एकच. नाही सांगितलं तर?

किती सोपं आहे! झुटफेनला भेटायचं, बिपोर्टवर हसायचं, बिहा आठवून हसायचं, सफरचंदाचं आपलटार्ट खायचं. बहीण परत मिळाली. पुढच्या दिवाळीला ती इथे, मी तिथे. तिला कशाला कळायला हवं? बाबांना शेवटी आपली आठवण नव्हती, हे तिने अडीच वर्षं पचवलंय. माणूस पचवतं.

आणि सांगितलं तर ती उठून निघून जाईल. परत. यावेळी कायमची. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

रविवार, ४ मे

पण ती रोज ते घेऊन झोपते. माझं एक वाक्य. बिपोर्ट निदान चुकून निघाला. ते वाक्य मी निवडून, नेमकं लागेल असं म्हटलं होतं.

मंगळवार, ६ मे

वाउटरला खरं सांगितलं! बिपोर्ट म्हणजे काहीच नाही, आमच्या भाषेत शब्दाला असं नुसतं शेपूट लावतात म्हणून. तो म्हणाला, "बट वुई नीडेड इट." आणि पुन्हा कामाला लागला. झालं! एवढ्यासाठी दोन महिने घाबरत होते मी.

सराव होता हा. खरी परीक्षा शनिवारी.

शनिवार, १० मे

आगगाडीत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. बाहेर आयसेल नदी, पाणी पार कुरणांत शिरलेलं, त्यात बगळे. ऊन इतकं मऊ आहे की उतरूच नये असं वाटतं. गाडी अशीच जात राहावी, झुटफेन येऊच नये.

वाक्य तयार केलंय. मनात दोनदा म्हटलं – मीरा, मी तुझ्याशी खोटं बोलले. बाबा तासातासाला तुझं नाव घेत होते. बस, एवढंच. सबबी नाहीत, 'मी थकले होते' नाही. आधी हे, मग हसणंबिसणं. नाहीतर मला धीर होणार नाही.

आलं स्टेशन. ती दिसतेय. केस कापलेत. हात हलवतेय, अगदी लहानपणीसारखा, कोपरापासून.

रविवार, ११ मे

सांगितलं. फलाटावरच.

मीरा म्हणाली, "मला माहीत होतं."

मी आंघोळीला घरी गेले होते, त्या तासाभरात बाबांनी नर्सच्या फोनवरून तिला फोन केला होता. म्हणजे दारात उभी राहून तिने विचारलं, तेव्हाच मी खोटं बोलतेय हे तिला कळत होतं. मग का विचारलंस? म्हणाली, "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि तू नाही म्हणालीस, तेव्हा मीही ठरवलं, तुलाही सांगायचं नाही."

काय सांगायचं नाही?

"बाबा काय बोलले ते. मला परीक्षेचंसुद्धा विचारलं नाही गं त्यांनी. दहा मिनिटं नुसतं तुझंच चाललं होतं. ऋजू जेवत नाही. ऋजू झोपत नाही. ऋजूशी मी बोलायला लागलो की ती रडते, म्हणून तुला सांगतो – तिला म्हणावं, तू होतीस म्हणून मला भीती वाटली नाही."

अडीच वर्षं तो निरोप तिच्याजवळ होता.