अंगठी, एक नग

बर दुबई, १४ नोव्हेंबर २०२१

तीर्थस्वरूप मुरलीधरमामांच्या चरणी भाचा सुजीत याचा दंडवत. (तुमचा हात साताऱ्याहून इथवर पोचत नाही, या धीरावर.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे आई ठणठणीत आहे. बाबा सप्टेंबरपासून माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात फार शांतता आहे. मीही मजेत. खरं सांगतो मामा, कर्जापायी कोर्टात अर्ज केल्यापासून मला इतकी गाढ झोप लागते की गजर लावून उठावं लागतं.

घाबरू नका. पाणी प्या आणि पुढे वाचा.

तर ईश्वरी. माझ्याच शाळेतली. आठवीपर्यंत अरबी सक्तीचं होतं. मी त्या तासाला झोपलो, ती शिकली. आता ती मीना बाजारामागच्या टायपिंग सेंटरमध्ये लोकांचे सरकारी अर्ज अरबीत टाइप करते, आणि मी समोरच्या कापडाच्या दुकानात पडदे मोजतो. एकदा खाडी ओलांडताना ती सहज म्हणाली, "अब्रा किती रे हळू जाते!" झालं. माणसाने म्हणावं, बोट आहे ती, हळूच जाणार. मी मोटारसायकल घेतली. बँकेचे तीस हजार दिरहम, म्हणजे आपले सहा लाख. मग मरीनावरच्या महागड्या हॉटेलांत जेवणं, ती क्रेडिट कार्डावर, बारा हजार, म्हणजे दोन लाख चाळीस. (ईश्वरी प्रत्येक वेळी फक्त सूप मागवायची. मला वाटायचं, लाजते. ती किंमत बघायची.) बँकेने तारण म्हणून कोरा चेक सही करून घेतला, आणि मी चाहतीला वहीवर सही द्यावी तशी झोकात दिली. तुम्हीही इथे असताना दिली होती ना, दोन हजार सातला?

मग कोव्हिडमध्ये पगार निम्मा झाला. मी मॅनेजरला जे बोललो ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर उरलेला निम्माही गेला. (पडद्यांचं दुकान त्यानंतरचं.) हप्ता चुकला आणि वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले, दिवसाला अकरा. एके दिवशी अब्रात बसलो असताना तो म्हणाला, "भाईसाब, चेक डालूँ क्या? फिर पुलिस जाने और आप जानो." चेक वटला नाही की इथे तुरुंग, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. माझं डोकं फिरलं. मी फोन खाडीत भिरकावला. अब्रावाला म्हणाला, "खलास?" मी म्हटलं, "खलास!" फोनचे सहा हप्ते त्याच कार्डावर बाकी होते, ते काठावर उतरताना आठवलं.

त्या दुपारी मी ईश्वरीसमोर जाऊन बसलो आणि म्हटलं, मुरलीधरमामांसारखा पळून जातो. (माफ करा, पण आमच्या घरात तो वाक्प्रचार आहे.) ती म्हणाली, "बावळटा, तेव्हा दरवाजा नव्हता म्हणून तुझे मामा पळाले. आता कायदा झालाय." मग तिने समजावलं: याला दिवाळं म्हणायचं नाही. आपणच कोर्टाला सांगायचं, एवढं देणं आहे, एवढं माझ्याकडे आहे. कोर्ट एक हिशेबतज्ज्ञ नेमतं, सगळ्या घेणेकऱ्यांना एकत्र बसवून झेपेल एवढा हप्ता ठरतो, आणि तोवर कुणी गळा धरायचा नाही. अट एकच, काही लपवायचं नाही.

ती विचारत गेली, टाइप करत गेली. मोटारसायकल, एक. घड्याळ, एक. "अजून?" मी खिसा चाचपला. "सुजीत, लपवलंस तर अर्ज बाद." मी म्हटलं, "अंगठी. सोन्याची. एक."

"कुणाची?"

"तुझी," मी ओरडलोच. रांगेतले दोन पठाण उठून उभे राहिले.

तिने कीबोर्ड जवळ ओढला. मग म्हणाली, "दिली नाहीस, म्हणजे अजून तुझीच मालमत्ता." आणि तिने स्वतःच्या बोटांनी टाइप केलं: सोन्याची अंगठी, नग एक, विक्रीस. छापलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "सही कर. हप्ते संपले की दुसरी आण. रोखीने."

मामा, मुलगी हो म्हणाली! सगळं जग मला छान दिसतंय. तज्ज्ञ इजिप्तचे आहेत, मला प्रेमाने हबीबी म्हणतात. मोटारसायकल गेली, मी अब्राने जातो. ईश्वरीही बरोबर असते. अब्रा खरं तर फार लवकर पोचते.

आपला आज्ञाधारक (या खेपेला खरोखर),
सुजीत

ता.क. १: हप्त्यांच्या आराखड्याला दोन तृतीयांश कर्जाच्या घेणेकऱ्यांची संमती लागते. बँक आणि कार्डवाले हो म्हणालेत, पण ते थोडे कमी पडतात. तिसरे घेणेकरी तुम्ही आहात. पंचवीस हजार दिरहम, पाच लाख रुपये. कागद याच आठवड्यात पोचेल. कृपया "मान्य" लिहा. तुम्ही नाही म्हणालात, तर हप्ते नाहीत, आणि हप्ते नाहीत तर ईश्वरीही नाही.

ता.क. २: ते पाच लाख तुम्ही कॉलेजच्या फीसाठी पाठवले होते. मी कॉलेज त्याच्या आठ दिवस आधी सोडलं होतं. अंगठी त्यातूनच आली, उरलेले घड्याळात आणि पेट्रोलात गेले. कोर्टाला सांगितलंय, म्हणून तुम्हालाही सांगणं आलं.

ता.क. ३: हप्ते फिटेपर्यंत मला नवीन कर्ज घ्यायला बंदी आहे. तेव्हा लग्नाच्या हॉलचं काही सुचलं तर त्याला उसने म्हणू नका, आहेर म्हणा.

ता.क. ४: ईश्वरी म्हणते, तुमचा जुना पासपोर्ट नंबर पाठवा, दोन हजार नऊची चेकची केस अजून जिवंत आहे का, ती बघून देईल. लग्नाला इथे यायचंय तुम्हाला. पळताना विमानतळावर सोडलेल्या गाडीची, देव्हाऱ्यात ठेवलेली किल्ली मात्र आणू नका. विमानतळाच्या पार्किंगमध्ये मी स्वतः तीन मजले फिरून आलो. गाडी नाही.