सवतीचा वाटा

गुरुवार, ५ जून

मोताळ्यात येऊन आज आठ दिवस झाले, अन् आज कुठं लिहाले बसली. डायरी नवी कोरी हाये, बियाण्याच्या कंपनीची, वर कपाशीचं बोंड. यायनंच आणून दिली. हे म्हणजे आमचे मालक, शालिग्राम. तोंडानं नाव घेत नाही, पण कागदावर घ्याले काय जाते!

घर मले मनापासून आवडलं. समोर यायचं मोटार वाइंडिंगचं दुकान, मागं दोन खोल्या, त्याच्यामागं परसात नळ अन् कढीपत्ता. दिवसभर वार्निशचा वास येते, मले तोही आवडला. एकतीस वर्षांची होईस्तोवर माहेरी, पिंपळगाव राजाले, मी लोकाईचे ब्लाउज शिवत बसली. दुसरेपणावर दिली म्हणून गल्लीतल्या बाया हळहळल्या. हळहळू द्या. जन्मात पहिल्यांदा एका घराले ‘माझं’ म्हणाले भेटलं, ते मी सोडत नसते.

पहिलीचा फोटो समोरच्या खोलीत हाये. समीक्षा नाव. दोन वर्षांखाली डेंग्यूनं गेली. दिसाले बरी होती. बरी कायची, चांगलीच देखणी होती. सासूबाईनं, म्हणजे अन्नपूर्णाबाईनं, पहिल्याच दिवशी जवळ बसवून सांगतलं. दुसरेपणाच्या बाईनं नवं लुगडं असो, नवी चुडी असो, आधी सवतीच्या फोटोपुढं ठेवाचं, हळदीकुंकू वाहाचं, ‘आधी तुझं, मंग माझं’ म्हणाचं, अन् मंगच अंगाले लावाचं. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, आधी सारं तिचंच होतं न माय, आता तरी माझं असू द्या.

शनिवार, १४ जून

काल यायनं मले साडी घेतली. जांभळी, सोनेरी काठाची, दोन हजार चारशे पन्नासची. घरी आली अन् सरळ नेसली. फोटोकडं पाह्यलं, पण ठेवली नाही.

घरखर्चाचं खातं यायनं माझ्या हवाली केलं हाये, बँकेचे मेसेज आता माझ्या फोनवर येतात. आज दुपारी मेसेज आला: त्याच दुकानाले दोन हजार चारशे पन्नास, ऑनलाइन. मले वाटलं, एकाच साडीचे दोनदा कापले. तणतणत गेली. दुकानदार शेषराव शांत माणूस. त्यानं सांगतलं का आज दुपारी तशीच दुसरी साडी गेली. तोंडाले स्कार्फ बांधलेली बाई होती म्हणे, एक शब्द बोलली नाही, फोनवरून पैसे देऊन गेली.

यायले विचारलं. हे म्हणे, मले काही माहीत नाही. रात्री भाकरी थापताना माझा हात जोरातच पडत होता.

शुक्रवार, २७ जून

पैंजण घेतले, चार हजार शंभरचे. दुसऱ्या दिवशी खात्यातून सोनाराले चार हजार शंभर. चप्पल घेतली, तीनशे वीस. दुसऱ्या दिवशी तीनशे वीस. मले घेतलं का तिलेही. माझ्या बरोबरीचं, रुपयाही कमी नाही.

कोण हाये ही भवानी? मोताळ्यातलीच असंन. यायच्या शर्टाचे खिसे उलटे केले, कॉलर हुंगली. वार्निश, दुसरं काही नाही. पण पाणी कुठं तरी मुरून राह्यलं. नवीन लग्नाची बायको घरात, अन् बाहेर जोडीनं खरेदी!

सासूबाईच्या कानावर घातलं. त्यायनं एवढंच विचारलं का नवी वस्तू फोटोपुढं ठेवली होती का. मी हो म्हटलं. खोटं.

बुधवार, ९ जुलै

आज छडा लागला. बँकेचं सेवा केंद्र चालवणाऱ्या कलीमभाईनं सारं उघडून पाह्यलं. खातं हाये शालिग्राम अन् समीक्षाचं, दोघाईचं. ती मेली, पण नाव कोणी काढलंच नाही. पैसे जातात ते तिच्याच नंबरावरून. अन् तो नंबर चालू हाये! काऊन? तर दर महिन्याले त्याचं रिचार्ज हेच करतात.

घरी येऊन भांडली, गल्ली गोळा होईस्तोवर भांडली. यायनं मान खाली घालून दुकानाच्या खणातून तिचा फोन काढला. म्हणे, तिचा आवाज हाये याच्यात, नंबर बंद कराची हिंमत होत नाही. मले दोन हजाराची साडी, अन् तिले महिन्याच्या महिन्याले जीव!

फोनची बॅटरी फुगून पाठ उघडली होती. वर्षभर तो सुरूच झाला नाही म्हणे. मंग त्याच्यावरून पैसे कोण देते, हे रागाच्या भरात मले सुचलंच नाही. आता लिहिताना सुचून राह्यलं.

मंगळवार, १५ जुलै

बाजारात रोहिणखेडची राबिया बांगड्या घेऊन बसते. मागच्या बाजारी मी तिच्याकडं चुडी भरली, एकशे ऐंशीची. दुसऱ्या दिवशी खात्यातून राबियाले आणखी एकशे ऐंशी. आज तिले गाठलं. तिनं आठवून सांगतलं. दुसऱ्या दिवशी एक बाई थेट रोहिणखेडले तिच्या घरी आली होती, स्कार्फवाली. तोंडं ती ध्यानात ठेवत नाही, हात ठेवते. बांगडीच्या मापानं माझा हात अडीचचा. त्या बाईचा सव्वादोनचा, बारीक, अंगठ्याखाली भाजल्याचा डाग. पहिले नेहमी यायची, मंग दोन वर्षं आली नाही, राबियाले वाटलं माहेरी गेली असंन. अन् या वख्ती हात लई थंडा होता म्हणे.

घरी येऊन सासूबाईले सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणे, हो, कुरड्या तळताना अंगठ्याखाली तेल उडलं होतं समीक्षाच्या. अन् मंग त्यायनं लाटणं खाली ठेवलं.

शुक्रवार, १८ जुलै

भेव वाटला. तीन रात्री झोप नाही. पण भेवापेक्षा राग जास्त आला, खरं सांगते. मेली तरी वाटा सोडत नाही! सासूबाई हाता-पाया पडल्या का अजूनही एक साडी ठेव फोटोपुढं, चूक कबूल कर, ती समजदार होती. समजदार होती, देखणी होती, तिचा आवाज गोड होता. मी कोण मंग? शिलाईवाली?

मी कपाटातून तिच्या मरणाचा दाखला काढला अन् कलीमभाईले नेऊन दिला. साडी नाही, दाखला दिला तिले. अर्ज भरला, मशीनवर माझा अंगठा लावला, आता खातं शालिग्राम अन् योगिनीचं, म्हणजे माझं. तिच्या फोनमधलं सिम काढून शिलाईच्या कात्रीनं कापलं. हे पाहत होते. जेवले नाही. न का जेवोत.

सोमवार, ४ ऑगस्ट

पंधरा दिवस काहीच नाही. मी जिंकली असं वाटत होतं.

आज मेसेज. दोनशे नव्व्याण्णव, रिचार्ज. तिच्या नंबराचं. पैसे माझ्या फोनवरून गेले, माझ्या पिननं. फोन तर सकाळपासून माझ्या कमरेले होता.

मेसेजच्या सुरुवातीले लिहिलं होतं, प्रिय समीक्षा.

गुरुवार, २१ ऑगस्ट

कलीमभाईकडं गेली. अंगठा लावला, मशीननं घेतला नाही. पुसून लावला. नाही. दुसऱ्या हाताचा, नाही. कलीमभाईनं मंग नाव टाकून पाह्यलं. कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवला. खातं शालिग्राम अन् समीक्षाचं. मयत — योगिनी.

मीच दिलेला दाखला होता. माझ्या हातानं. त्याच्यावर नाव माझं. तारीख १८ जुलै.

कलीमभाई म्हणे, घाबरू नका ताई, कोणाची तरी चूक असंन, अर्ज करू. पण बोलताना तो माझ्याकडं पाहत नव्हता. मी बसली होती त्या खुर्चीकडं पाहत होता, रिकाम्या खुर्चीकडं पाहावं तसा.

शनिवार, ३० ऑगस्ट

ताट वाढलं यायले. जेवले नाही. तसंच ताट दुसरं कोणीतरी वाढलं असंन — ते ताट जेवले. हसले. इतक्या दिवसांत मी यायले हसताना पाह्यलं नव्हतं. मले पाहून कधी हसले नाही हे. तिले पाहून — 

फोटोवरची माळ नवी हाये. फोटोकडं मी पाहत नाही. खालून जांभळा काठ दिसते, तेवढाच.

सोमवार, ८ सप्टेंबर

शेजारची सिंधूताई येऊन बसली. मी चहा म्हटलं. तिनं ऐकलं नाही. सासूबाईले म्हणे, वाईट झालं बाई, दोन महिनेही संसार नाही झाला. सासूबाई रडल्या. कोणासाठी रडल्या, विचाराले पाहिजे होतं. विचारलं. तीनदा —

सोमवार, १५ सप्टेंबर

अविधवा नवमी. घरची सवाष्ण गेली असंन तर आज तिच्या नावानं एका सवाष्णीले जेवू घालतात. सकाळपासून पुरण शिजून राह्यलं. मले कोणी हात लावाले सांगतलं नाही.

मी ठरवलं. हरली म्हणा. जांभळी साडी घडी करून घेतली, तिच्या नावाचं पान असंन तिथं ठेवते, पाया पडते. वाटा घे बाई, अर्धा घे. घरात राहू दे फक्त.

दुपारचे बारा. दारात उभी हाये, उभ्यानंच लिहिते. पानावर सिंधूताई बसली. वाढून कोण राह्यलं? बारीक हात. सव्वादोनची चुडी. पोळीवर तूप सोडून राह्यली. सासूबाई सिंधूताईले म्हणे, पोटभर जेव माय, योगिनीच्या नावाचं पान हाये.

माझ्या —

ओरडली मी. मी इथं हाये, इथं, दारात पाहा —

यायनं वर पाह्यलं. माझ्याकडंच. उठले. येऊन राह्यले. दिसली मी यायले, दिसली, अजून काही गेलं नाही, हातभर अंतरावर हायेत, यायनं दाराचा पल्ला धरला, अन् मागं वळून तिले म्हणे, समीक्षा, वारं येऊन राह्यलं, दार लावून घेतो —