आधी पाणी, मग कातर

आबा, मेंढरं पाटात धुतल्यावर कातर लावायच्या आधी तुम्ही किती दिवस थांबायचात? याचं उत्तर मला माहीत नाही. मी तिथंच असायची, पाटाच्या काठावर, शाळेच्या गणवेशातच. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकेक मेंढरू चोळायचात आणि मी बाहेर आलेली मेंढरं उन्हाकडे हाकलायची. तरी मधले दिवस आठवत नाहीत. आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठावं? मी भाकऱ्या घेऊन यायची तवर निम्मी मेंढरं कातरून झालेली राह्याची. पर तू काय करून राह्यली? कुत्रं कातरती? तुह्या आबानं ऐकलं असतं तर मेंढरासंगं त्योबी हसला असता." मग तीच हसली, आणि मध्येच थांबली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुमच्यावरून हसू आलं की ती अशीच थांबते.

मी नवीन जालन्यात एका काकूंच्या घरी मागची खोली घेऊन राहते. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती घेऊन मी बियाण्याच्या एका कंपनीत उगवणीचे नमुने तपासते. काकू शाळेत शिकवायच्या, आता एकट्या असतात आणि त्यांचे हात थरथरतात. काका वारले तेव्हा, दहा वर्षांपूर्वी, त्यांच्या मुलानं सोबतीला म्हणून ल्हासा जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं. मांजरापेक्षा जरा मोठा, पांढरा, केस जमिनीला टेकणारे. काकू त्याला बाळ म्हणतात. त्यांना कंगवा धरता येईना तेव्हापासून बाळच्या कानामागे, बगलांत, पोटाखाली केसांच्या गाठी धरल्या. वास यायला लागला. मुलगा संभाजीनगरहून आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "आई, हा स्वच्छ राहत असेल तर राहू दे, नाही तर मी सोय करतो. पुण्याजवळ म्हातारी कुत्री ठेवतात अशी एक जागा आहे." काकू बाळच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मीच मध्ये पडले. म्हटलं, "मी करते. आमच्या घरी मेंढरं होती." काकूंचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाल्या, "शिकलेली मुलगी आहेस तू. तुला जमेल."

खरं म्हणजे मला काय येत होतं? मी सातवीत असताना एकदा तुम्ही जेवायला बसला होता आणि मी कातर उचलून पाय बांधलेल्या मेंढीच्या मानेपाशी नेली. तुम्ही भाकरी टाकून धावत आलात. "ठिव ती! तुह्या हातात पुन्हा कातर दिसली न्हाई पाह्यजे मला. तुला शिकायचंय." मग मेंढीकडे बघून म्हणालात, "वाचली बिचारी," आणि हसलात. पण त्यानंतर कातर कधी माझ्या हाताला लागेल अशी ठेवली नाहीत. माझ्या भल्यासाठीच होतं ते. मी शिकले. फक्त कातर चालवताना तुमचा डावा हात लोकरीखाली नेमकं काय करायचा, ते मी लांबूनच पाहिलं.

एका रविवारी सकाळी मी मोरीत कोमट पाणी घेतलं. एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती, आधी पाणी, मग कातर. शांपू लावून गाठी चोळल्या, तुम्ही चोळायचात तशा, जोर लावून. टॉवेलनं पुसून बाळला गच्चीवर उन्हात बसवलं. दुपारपर्यंत त्या गाठींचं घोंगडं झालं. खरंच घोंगडं, जाड, घट्ट, कातडीला चिकटलेलं. बोट आत जाईना, कंगव्याचे दोन दात मोडले. बाळ मात्र शहाण्यासारखा माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला होता. काकू शेजारी खुर्ची टाकून, "झालं का गं? केस फार नको हं कापूस." मी बगलेतली गाठ चिमटीत धरून वर ओढली आणि कात्री चालवली. गाठीबरोबर कातडीही वर आली होती. ती मला दिसली नाही.

मी मेंढरांचं सांगितलं तेव्हा जनावरांचे डॉक्टर टाके घालता घालता म्हणाले, "ताई, यांचं उलटं असतं. आधी कोरड्यातच गुंता सोडवायचा, पाणी सगळ्यात शेवटी. पाणी लागलं की गाठ आवळते." इतकं साधं. ऑफिसात मी चिमूटभर नमुन्याला हात लावायच्या आधी सूचनांचा कागद वाचते. हे मात्र वाचलं नाही, कारण हे मला तुमच्याकडून आलेलं असणार असं मी धरून चालले. राहिलेल्या गाठी भूल देऊन काढायच्या, तर त्याचं हृदय कमजोर आहे, डॉक्टर धजत नाहीत. न काढाव्यात तर त्यांच्याखाली कातडी ओली राहते आणि जखम चिघळते. मी रोज पोळीचा तुकडा घेऊन त्याच्यासमोर बसते, तो भिंतीकडे सरकतो. मी सरकले की तो आणखी सरकतो. मग एक दिवस काकूंनी सवयीनं त्याच्या कानामागे हात नेला आणि त्यांच्या बोटात दात रुतला. "चुकून लागला गं त्याचा," बोट पदरात दाबत त्या म्हणाल्या. "तू परत एकदा बघ ना. तुला जमेल."

परवा मुलगा गाडी घेऊन आला आणि बाळला घेऊन गेला. तेव्हापासून काकू त्याचा फोन उचलत नाहीत. मला म्हणतात, "त्याला बाळ कधीचा नकोच होता. तू होतीस म्हणून इतके दिवस तरी राहिला." मी त्यांच्यासाठी चहा करते, समोर बसते आणि हे ऐकून घेते. आबा, हा कागद कुठंच जाणार नाही, म्हणून इथं लिहिते. त्या मुलाला फोन मी केला होता, दुपारच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून. घेऊन जा म्हटलं, माझ्यानं होत नाही. आणि तुमच्या आईला माझं नाव सांगू नका, असंही म्हटलं.