तिन्हीसांजेचा ‘हो’

१२ जानेवारी २००७
लाइनवाल्या कंपनीचा माणूस परत आला होता. तुमच्या इंटरनेट कॅफेतून घाणेरडे मेल बाहेर जातात, आवरा, नाहीतर लाइन तोडणार म्हणाला. मी पाठवतो का ते? गिऱ्हाइकं येतात, बसतात, कुठून काय व्हायरस आणतात, मला काय कळतं. कॅफे आमच्या मुलाचा, निलेशचा, घराच्याच पुढच्या खोलीत. तो बोटीवर नोकरीला. सांभाळतो मी, जकात नाक्यावरचा रिटायर शिपाई, सातवी नापास.
लाइन गेली तर हिचं काय? लकवा झाल्यापासून बोलत नाही. बोट बंदराला लागली की नि. कॅमेऱ्यावर येतो, त्याच्याकडे बघत वाटीभर पेज घेते. बोट समुद्रात असते तेव्हा कॉम्प्युटरवर फडकं टाकून ठेवतो. फडकं आहे तोवर ती वाट बघते, थोडंफार खाते. फडकं काढलं की तो येणार, हे तिला पक्कं ठाऊक.

२० जानेवारी
नि.चा फोन. बंदरातल्या खलाशांच्या क्लबातून. म्हणाला, बाबा, घाबरू नका, कॅफेच्या मोठ्या मशीनवर फायरवॉल आहे, तिचे नियम आवळतो. तो लांबूनच आपल्या मशीनमध्ये शिरतो. नियम हातानं लिहीत नाही, एक प्रोग्रॅम केलाय. त्याला साध्या ओळी द्यायच्या, कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं. बाकीचं किचकट तो स्वतः लिहितो.
भिंत म्हणतात, पण हा नाकाच. एवढं मला कळलं.
धोका एकच. नियम चुकला तर नि. स्वतःच बाहेर अडकणार, मग दुरुस्त करायला आत येणार कसा? म्हणून नवे नियम लागले की प्रोग्रॅम थांबतो. पडद्यावर मराठीत विचारतो, ‘नवे नियम ठेवायचे? हो / नाही’. खाली आकडा उतरत जातो. मी कॅमेऱ्यावर दिसलो तर हो दाबा, म्हणाला. काहीच दाबलं नाही तर वेळ संपल्यावर जुने नियम आपोआप परत.
आज सकाळी करून बघितलं. दिसला. हो दाबलं.

३ फेब्रुवारी
काय करून बसलो.
दिवेलागणीला नि.नं आणखी नियम लावले. हिला उशीला टेकवून बसवली, फडकं काढलं. देव्हाऱ्यात दिवा लावून येतो तर पडद्यावर तो प्रश्न आणि आकडा उतरतोय. नि. दिसत नाही. ही ओठ हलवते आहे.
तिन्हीसांजेला या घरात कोणी नाही म्हणत नाही. वास्तू तथास्तु म्हणते. तांदूळ संपले तरी आम्ही वाढले म्हणतो. समोर देवाचा दिवा, समोर मुलाचा प्रश्न, आणि मी नाही दाबू? नुसतं बघत बसणंही नाहीच की. आकडा संपत आला तसं
हो दाबलं.
कॅमेऱ्याची चौकट काळीच. मग फोन. “बाबा, मी दिसलो नव्हतो. हो का दाबलंत?” बोट सुटायची वेळ झाली होती. आता पुढच्या बंदरात, कोणाला मशीन पुसू देऊ नका, एवढं बोलला आणि फोन ठेवला.
ही पडद्याकडे बघत राहिली. पेज घेतली नाही.

४ फेब्रु.
परत फडकं टाकलं. उपयोग नाही. फडकं काढलं आणि तो आला नाही, तिच्या मनानं काय घेतलं ते दिसतंय. ओठ मिटलेले. चमचा लावला की मान भिंतीकडे.

६ फेब्रु.
खेडहून मंदा आली. आईला बघून रडली, मग माझ्यावर घसरली. “बाबा, तुम्ही बटणाला भिता की देवाला, एकदा ठरवा.” बोलू दे. मुलगी आहे.
आईजवळ बसून तिनं कितीदा सांगितलं, दादा बरा आहे, बोट सुटली फक्त. ही छताकडे बघत होती.
डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी. दवाखान्यात न्यावं लागेल. तिथून हिला परत घरी आणता येईल का, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

७ फेब्रु.
मंदानं कॉम्प्युटरवाला आणला. त्यानं वायर थेट लावून बघितली, पण लाइनचा पासवर्ड मोठ्या मशीनच्या पोटात. म्हणाला, आजोबा, सगळं पुसून नवं टाकतो, दोन तासांचं काम. मी मशीनच्या पुढ्यात स्टूल टाकून बसलो. मंदा बोलायची थांबली आहे माझ्याशी.
गिऱ्हाइकांचं सगळं चालतं. निकाल दिसतात, रेल्वेचं रिझर्वेशन होतं. फक्त माझा मुलगा येऊ शकत नाही.

८ फेब्रु.
नि.च्या ओळी पडद्यावर आहेत, रोज वाचतो. आज दिसलं. ‘बाहेरून येणारे बाकी सगळे बंद’ वर आहे, ‘निलेशला सोडा’ त्याच्या खाली. साहेबानं आधीच सांगितलं कोणाला सोडू नको, तर नाक्यावरचा शिपाई पुढचं ऐकेल कशाला? मी तरी कुठे ऐकायचो.
दिसलं, पण ओळ हलवायला नि.चा पासवर्ड लागतो. नळी उद्या.

९ फेब्रु., संध्याकाळ
नि.चा फोन आला. देवा. डॉक्टरांना थांबवलं, आजच्यापुरतं.
त्यानं पासवर्ड सांगितला, मी एका बोटानं दाबत गेलो. ओळ वर घेतली. माझं म्हणणं बरोबर होतं म्हणाला, तीच चूक. प्रोग्रॅम चालवला. या वेळी मुदत जास्त दिली आहे, त्याला फोन ठेवून क्लबातल्या कॉम्प्युटरपर्यंत जायचं आहे. “मी दिसेपर्यंत हात लावायचा नाही. कितीही वाटलं तरी.” नाही जमलं तर आपोआप परत जुने नियम. म्हणजे परत तेच कुलूप. आणि बोट आज रात्री निघणार.
फोन ठेवला त्यानं. आकडा उतरतो आहे.
बाहेर अंधारून आलं. मंदा दिवा लावायला निघाली होती, थांब म्हटलं. दिवा लागला नाही तोवर सांज झाली नाही असं धरतो. ती काडेपेटी हातात घेऊन आईजवळ बसली आहे.
हे लिहितो आहे ते हात गुंतलेले राहावेत म्हणून. उजव्यात पेन, डाव्यानं वही दाबून धरली आहे. लिहिणं थांबवलं तर हात बटणाकडे जाईल.
कॅमेऱ्याची चौकट काळी.
मंदानं पेज गरम करून आणून ठेवली आहे. वाफ निघते आहे.
आकडा निम्म्यावर आला. वर बघायचं नाही. लिही. पेज, उशी, काडेपेटी, फडकं. काहीही लिही.
हिनं भिंतीकडची मान वळवली. पडद्याकडे बघते आहे, मिटलेले ओठ उघडलेत. मला इथून दिसत नाही, आकड्याकडे बघितल्याशिवाय पडदा दिसत नाही, आणि मी अजून लिहि